जिभेखालची गोळी

१९७२च्या दुष्काळात आमच्या भागात जिकडेतिकडे विहिरी खणणं चाललं होतं. जालना जिल्हा तेव्हा व्हायचा होता, अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता, आणि अंकुशनगरच्या साखर कारखान्याचं धुराडं उभं राहायला अजून अवकाश होता. मातीचा थर संपला की काळा पाषाण लागायचा. मग सुरुंगवाले यायचे. भोकं पाडायची, त्यात कांड्या ठासायच्या, वात लावायची आणि आरोळी ठोकून पळायचं. त्या कांड्यांना सगळे ‘जिलेटीन’ म्हणत. अक्षरओळख नसलेल्या माणसाच्याही तोंडी हा शब्द असे.

हे जिलेटीन म्हणजे आल्फ्रेड नोबेलनं १८७५ साली शोधलेल्या ‘ब्लास्टिंग जिलेटीन’चं वंशज. त्यातला मुख्य ऐवज नायट्रोग्लिसरीन. आता सुरुंगाच्या कांड्यांतलं रसायन बदललं आहे. पण नायट्रोग्लिसरीन मात्र जगभरच्या म्हाताऱ्यांच्या खिशात ठाण मांडून बसलं आहे, आणि त्याची चुलत बहीण आमच्या घरी ह्यांच्या उशाशी असते. मी आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलं, रसायन नव्हे. पण जी गोळी आपल्या माणसाला तारते तिचं कूळ-मूळ माहीत असावं, म्हणून बरंच वाचत गेले. त्यातलं थोडं इथे मांडते.

आधी दुखण्याबद्दल. विल्यम हेबरडेन नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी १७६८ साली या आजाराचं वर्णन वाचून दाखवलं. माणूस चालत असतो, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर. एकाएकी छातीत असं आवळून येतं की आणखी पाऊल टाकलं तर जीव जाईल असं वाटतं. आणि उभं राहिलं की सगळं नाहीसं होतं. त्यांनी याला ‘अंजायना पेक्टोरिस’ असं लॅटिन नाव दिलं. अंजायना म्हणजे गळा आवळल्यासारखं होणं. अडीचशे वर्षांनंतरही डॉक्टर रुग्णाला हेच प्रश्न विचारतात: चालताना होतं का? थांबल्यावर जातं का? वर्णन इतकं चोख, पण उपाय काही नव्हता. पुढची शंभर वर्षं रोगी थांबत होते, वाट बघत होते आणि काही जण थांबलेल्या जागीच जात होते.

१८४७ साली इटलीतल्या तुरिन शहरात आस्कानियो सोब्रेरो यांनी नायट्रोग्लिसरीन तयार केलं. त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांच्या रीतीप्रमाणे त्यांनी ते जिभेवर ठेवून पाहिलं, आणि डोकं भयंकर ठणकू लागलं. ही नोंद त्यांनी करून ठेवली. त्या पदार्थाच्या स्फोटक ताकदीची त्यांना इतकी धास्ती बसली की त्याचा पुढे व्यापार करण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. ते काम नोबेल कुटुंबानं केलं, आणि त्याची किंमतही मोजली. १८६४ साली स्टॉकहोममध्ये त्यांच्या कारखान्यात स्फोट झाला, त्यात आल्फ्रेडचा धाकटा भाऊ एमिल गेला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८६७मध्ये, आल्फ्रेडनं डायनामाइट आणलं.

योगायोग असा की त्याच १८६७ साली एडिंबरामध्ये टॉमस लॉडर ब्रंटन या तरुण डॉक्टरनं छातीच्या या दुखण्यावर एमिल नायट्राइटचा वास देऊन पाहिला. त्यानं रक्तदाब उतरतो आणि कळ थांबते, असं त्याला दिसलं. पण हे औषध काचेच्या बारीक कुपीत असे. ती रुमालात फोडून हुंगायची, उग्र वास सुटायचा, तोंड लालबुंद व्हायचं. चारचौघांत हे करायचं म्हणजे गावाला दवंडीच.

मग आले विल्यम मरेल, लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलचे. त्यांनी नायट्रोग्लिसरीनचं अगदी सौम्य द्रावण करून घेतलं होतं. एके दिवशी बाह्यरुग्ण विभागात काम करता करता बाटलीचं ओलं बूच सहज जिभेला लावलं. काही क्षणांत छाती अशी धडधडू लागली की हातातली लेखणी प्रत्येक ठोक्याला हलायला लागली. पुढे त्यांनी तीस-चाळीस वेळा ते स्वतःवर करून पाहिलं, मग रुग्णांना दिलं, आणि १८७९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. १८८५च्या ब्रिटिश औषधसंहितेत याच्या गोळ्या आल्या, आणि त्या चक्क चॉकलेटमध्ये बनवलेल्या होत्या! एका गोळीत एक ग्रेनचा शंभरावा भाग, म्हणजे सुमारे ०.६ मिलिग्रॅम नायट्रोग्लिसरीन.

मला या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. डोंगर फोडणारा पदार्थ माणसानं इतका बारीक केला, इतका माणसाळवला, की तो खिशात घालून हिंडता यावा. कारण हे दुखणं दवाखान्यात येत नाही. ते चढावर येतं, जिन्यात येतं, लग्नाच्या पंगतीनंतर येतं. त्यामुळे औषध कपाटात असून भागत नाही, ते हाताच्या अंतरावर हवं.

नोबेलची गंमत तर ठाऊकच असेल. म्हातारपणी त्यालाही हृदयविकार झाला आणि डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच घ्यायला सांगितलं. मृत्यूच्या काही आठवडे आधी, ऑक्टोबर १८९६मध्ये, एका सहकाऱ्याला पत्र लिहून त्यानं या दैवगतीवर विनोद केला आहे. लोक आणि दुकानदार घाबरू नयेत म्हणून औषधाला ‘ट्रायनिट्रिन’ म्हणतात, असंही त्यात आहे. डायनामाइट कारखान्यांतल्या कामगारांची गोष्ट मात्र विनोदाची नाही. आठवडाभर त्यांच्या शरीराला या पदार्थाची सवय होई, रविवारी सुटी, आणि सोमवारी परत कामावर आलं की डोकं फुटायची वेळ. डॉक्टर आजही या जातीची औषधं रोज घेणाऱ्यांना दिवसातले काही तास मोकळे ठेवायला सांगतात, ते याच सवयीपायी.

आता आपल्याकडे येते. न्यायमूर्ती रानडे हृदयविकारानं गेले, १६ जानेवारी १९०१ रोजी. आधीच्या डिसेंबरात लाहोरला सामाजिक परिषद होती. प्रकृतीमुळे त्यांना जाता आलं नाही, आणि त्यांचं भाषण तिथे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वाचलं. त्या शेवटच्या आजारपणाचं वर्णन रमाबाईंनी आपल्या आठवणींत केलं आहे (हे पुस्तक १९१०चं). मी ते वर्गात शिकवत असे तेव्हा रानड्यांकडे लक्ष असे. आता वाचताना उशाशी बसलेल्या रमाबाईंकडेच नजर जाते.

गोखल्यांची गोष्ट परदेशातली आहे. १८९७ साली ते वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला दिनशा वाच्छांबरोबर विलायतेला निघाले. वय तीस, फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक. वाटेत फ्रान्समधल्या कॅले इथे ते पडले आणि छातीला जबर मार बसला. त्यांनी काय करावं? कुणाला सांगितलंच नाही. लंडनला दादाभाईंच्या घरी पोचल्यावर दुखणं असह्य झालं, तेव्हा डॉक्टर आले आणि अंथरुण धरावं लागलं. काँग्रीव्ह नावाच्या एका इंग्रज बाईंनी त्यांची सेवा केली. हा काही अंजायना नव्हता, मार होता. पण छातीत कळा येत असताना परमुलखात, परक्याच्या घरी, ‘कशाला उगाच त्रास’ म्हणून गप्प बसणं, हा आजार मी पक्का ओळखते. तो अस्सल मराठी आहे आणि त्यावर अजून गोळी निघालेली नाही. पुढे मधुमेह आणि हृदयविकार यांनी गोखल्यांना पोखरलं. १९१४ साली प्रकृतीसाठी ते युरोपात असताना महायुद्ध पेटलं आणि ते पॅरिसमध्ये अडकले. गांधीजी लंडनला येऊन त्यांची वाट पाहत राहिले, पण दोन शहरांमधलं दळणवळणच तुटलं होतं. फेब्रुवारी १९१५मध्ये गोखले गेले, पन्नाशीही गाठली नाही.

परदेशात अडकणं म्हणजे काय ते आम्हीही पाहिलं. नोव्हेंबर २०१९मध्ये आम्ही दोघं लेकीकडे न्यू जर्सीला गेलो, परतीचं तिकीट एप्रिलचं. ह्यांना अंजायनाचं निदान होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. रोजच्या गोळ्या आणि जिभेखालची सॉर्बिट्रेट, सगळं हिशेबानं घेतलेलं. मार्चच्या चौथ्या आठवड्यात भारतानं बाहेरून येणारी विमानं बंद केली. आमच्यासारखे कितीतरी आईबाप तिथे अडकले. गुडघ्यांना तेल लावायचं कसं, लोणचं किती उरलं, हे बोलणं मागे पडलं आणि फोनवर एकमेकांना विचारणं सुरू झालं: तुमच्याकडे रक्तदाबाची कुठली गोळी आहे? किती दिवसांची आहे?

आमच्याकडे सॉर्बिट्रेटच्या अकरा गोळ्या उरल्या होत्या. ‘लागतेच कुठे रोज,’ असं ह्यांचं म्हणणं. एप्रिलात एका संध्याकाळी आम्ही नातीबरोबर पाय मोकळे करायला बाहेर पडलो. रस्ता थोडा चढाचा. हे दोनदा थांबले. तिसऱ्यांदा खाली वाकून म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे, नाडी बांधतो.” नात नऊ वर्षांची. तिनं वळून पाहिलं आणि म्हणाली, “आजोबा, पण तुमच्या बुटांना नाडीच नाहीये.”

खरंच नव्हती. चिकटपट्टीचे बूट होते ते.

मी ह्यांना तिथेच कठड्यावर बसवलं, पर्समधून गोळी काढून जिभेखाली ठेवली. तीनेक मिनिटांत चेहरा सैल झाला. मग घरी येऊन हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन आठवडे चालताना होत होतं. सांगितलं नाही, कारण सगळीकडे महामारी, दवाखाने भरलेले, तिकडच्या अँब्युलन्सचं बिल ऐकून छाती आणखी दुखावी असं, प्रवास विम्यात जुना आजार बसत नाही, आणि सर्वांत मोठं म्हणजे जावयाचं घर. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणणाऱ्या आईच्या पोटी जन्मलेला माणूस जावयाला कसा म्हणणार, की मला डॉक्टरकडे ने? जावई बिचारा ऐकून रडवेला झाला. म्हणाला, “बाबा, तुम्ही माझ्याशी असं परक्यासारखं वागलात?” ह्यांच्या छातीला त्या दिवशी जे लागलं ते बहुधा हे.

दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी व्हिडिओवर तपासलं, रोजच्या औषधात बदल केला आणि नवी चिठ्ठी थेट औषधाच्या दुकानात धाडली. अमेरिकेत हे औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही. ब्रिटनमध्ये मात्र फार्मासिस्ट दोन प्रश्न विचारून नायट्रोग्लिसरीनचा फवारा चिठ्ठीशिवायही देऊ शकतो. आमची सॉर्बिट्रेट तिथल्या दुकानात नव्हती. फार्मासिस्ट बाईंनी नायट्रोग्लिसरीनच्या ०.४ मिलिग्रॅमच्या पंचवीस गोळ्या दिल्या, साबुदाण्यापेक्षा जराच मोठ्या, बोटभर तपकिरी काचेच्या बाटलीत.

त्या बाटलीतही इतिहास भरलेला आहे. नायट्रोग्लिसरीन हवेत उडून जातं, प्लास्टिकमध्ये आणि कापसात मुरतं. गोळी दिसायला तशीच राहते पण आतून पोकळ झालेली असते. म्हणून काचेची बाटली आणि घट्ट झाकण. सोमवार ते रविवार असे कप्पे असलेल्या प्लास्टिकच्या डबीत ही गोळी घालायची नाही, अंगालगतच्या उबदार खिशात महिनोन्‌महिने ठेवायची नाही, उन्हात उभ्या गाडीत तर नाहीच. आणि झाकणाची गोष्ट त्याहून छान. अमेरिकेत १९७०च्या कायद्यानं औषधांच्या बाटल्यांना लहान मुलांना उघडता येणार नाहीत अशी झाकणं आली. त्यातून ज्या थोड्या औषधांना सूट दिली त्यांत ही जिभेखालची गोळी आहे. छातीत कळ आलेल्या, हात थरथरणाऱ्या माणसाला झाकण दाबून फिरवायला वेळ कुठला? कुणीतरी सरकारी कचेरीत बसून त्या थरथरत्या हाताचा विचार केला, याचं मला फार अप्रूप वाटलं. अर्थात म्हणूनच बाटली नातवंडांपासून दूर ठेवायची जबाबदारी आपली.

आपली सॉर्बिट्रेट म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. नात्यातली असली तरी वेगळी. ती १९४०च्या दशकात नोबेलच्याच स्वीडनमध्ये वापरात आली. साखरेच्या गावातल्या माणसांना सांगायला मजा वाटते की हिचं मूळ सॉर्बिटॉलमध्ये आहे आणि सॉर्बिटॉल बनतं ग्लुकोजपासून. ती तशी टिकाऊ, पट्टीत नीट राहते. नायट्रोग्लिसरीन एक ते तीन मिनिटांत काम करतं आणि अर्ध्या तासात ओसरतं. सॉर्बिट्रेटला किंचित जास्त वेळ लागतो पण ती जास्त टिकते. म्हणून ‘इथली ५ मिलिग्रॅमची, तिथली ०.४ची, म्हणजे तिथली कमी ताकदीची’ असा हिशेब करू नये. आणि जिभेखालीच का? गिळली तर ती आधी यकृतात जाते आणि तिथेच बराचसा भाग नष्ट होतो. जिभेखालून ती सरळ रक्तात उतरते.

ती नेमकं काय करते हे कळायला मरेलनंतर जवळजवळ शंभर वर्षं लागली. तिच्यातून नायट्रिक ऑक्साइड वायू सुटतो आणि रक्तवाहिन्या सैल होतात. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना या वायूच्या शोधाबद्दल १९९८ साली पारितोषिक मिळालं. कोणतं? नोबेल! त्याच वर्षी अमेरिकेत व्हायग्रा बाजारात आली. तिचाही खेळ याच वायूच्या वाटेवरचा, त्यामुळे दोन्ही एकत्र घेतल्या तर रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. हे लाजेखातर घरात कुणी बोलत नाही. सत्तरी उलटलेल्या बाईनं बोलायला हरकत नसावी, म्हणून मी बोलले.

जुलैमध्ये आम्ही वंदे भारतच्या विमानानं परतलो. तेव्हापासून ओळखीतलं कुणी मुलांकडे निघालं की माझी शिकवणी सुरू होते. औषधं मूळ पट्टीत किंवा बाटलीतच ठेवा, आणि हातातल्या सामानात, वजन करून दिलेल्या बॅगेत नाही. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी घ्या, तीत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण ‘सॉर्बिट्रेट’ हे आपल्याकडचं दुकानी नाव परदेशात ओळखलं जाईलच असं नाही. अमेरिकेला जाताना साधारण नव्वद दिवसांपुरती औषधं न्यावी असा दंडक आहे, म्हणजे सहा महिने राहायचं तर तिथल्या डॉक्टरची सोय आधीच बघायला हवी. आखाती देशांत जाणाऱ्यांनी कोणत्या औषधांना मनाई आहे ते वकिलातीकडून पाहून घ्यावं. विमानतळावर स्फोटकं हुंगणारी यंत्रं असतात आणि ती नायट्रोग्लिसरीनही शोधत असतात. यंत्र वाजलंच तर घाबरू नका, चिठ्ठी दाखवा.

आणि कळ आली तर आधी बसा, कारण गोळीनं रक्तदाब उतरतो आणि उभा माणूस कोसळतो. डॉक्टरांनी सांगितलीय तेवढीच घ्या. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर आणखी वाट न पाहता फोन: आपल्याकडे १०८, अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, युरोपात ११२. आणि शेजाऱ्याची गोळी उसनी घेऊ-देऊ नका. ती काही साखर नव्हे. ज्याचा रक्तदाब आधीच उतरलेला आहे त्याला ती घातक ठरते.

मी माझ्या एका मैत्रिणीला, जी कधी इंग्रजी बोलली नाही, दोन वाक्यं पाठ करून दिली: ‘माय हजबंड हॅज चेस्ट पेन’ आणि मुलाच्या घराचा पत्ता. पहिलीच्या मुलांसारखी तिच्याकडून रोज म्हणून घेतली. ती म्हणाली, “अगं, सून असतेच की घरात.” म्हटलं, सून दुपारी ऑफिसात असते. अंकुशनगरला ओट्यावरून हाक मारली तर चार घरं धावत येतात. तिकडे दार लावलं की आपणच.

ह्यांची बाटली आता दर वेळी नवी येते, तारीख मी पाहते, आणि चढ आला की हे स्वतःहून सांगतात, “थांबू जरा, छातीत आवळतंय.” एवढं वाक्य उच्चारायला त्यांना सत्त्याहत्तर वर्षं लागली. सोब्रेरोपासून मरेलपर्यंत सगळ्यांनी मिळून गोळी जिभेच्या टोकापर्यंत आणून ठेवली आहे. ते वाक्य तेवढं आपल्यालाच जिभेवर आणावं लागतं.